दख्खनची तंबाखू आणि आपल्या हिरड्या

इतिहास म्हटला की सनदा, लढाया, तह आणि वंशावळी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. हैदराबादेत चार-पाच पिढ्या काढलेल्या मराठी कुटुंबांत इनामाची कागदपत्रे, मोडीतल्या जमाखर्चाच्या वह्या, उर्दूतले हुकूम पेटीत जपून ठेवलेले आढळतात. घरातल्या माणसांच्या प्रकृतीचा इतिहास मात्र कोणी लिहून ठेवलेला नसतो. तो तोंडी वाक्यांतून एका पिढीकडून दुसरीकडे जातो. अशा वाक्यांपैकी एक आम्ही जामबागेतल्या आणि आसपासच्या जुन्या घरांतून वारंवार ऐकले आहे : "आमच्या घराण्यात दात लवकरच जातात." पन्नाशीत दात हलू लागणे, साठीच्या आत कवळी बसवणे, हे नाकाच्या ठेवणीसारखे किंवा आडनावासारखे वारशाने येते अशी आपली समजूत आहे. ही समजूत कितपत खरी आहे, आणि वारशाने नेमके काय आले, दात की सवय, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे. त्यासाठी तंबाखू या देशी कशी आली आणि आपल्या तोंडात कशी स्थिरावली हे आधी पाहावे लागेल. कारण ती आमच्या मते प्रत्येक वेळी औषधाच्या, मानाच्या किंवा स्वच्छतेच्या वेषातच आली.

तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी आपल्याकडे तिचे नावही ठाऊक नव्हते. परंतु तिच्यासाठी जागा मात्र आपल्याकडे आधीच तयार होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिनचर्या सांगताना करंज, कण्हेर, रुई, जाई, अर्जुन, असाणा यांच्या काड्यांनी दंतधावन करावे असे म्हटले आहे. त्याच अध्यायात सुगंधी आणि औषधी द्रव्यांची वात करून तिचा धूर घेण्याचा विधीही दिलेला आहे, आणि त्या धुराने ज्या विकारांना उतार पडतो त्यांत दातांचा दुबळेपणा आणि दंतशूळ यांचीही गणना आहे. तो धूर तंबाखूचा नव्हता, हे उघड आहे. पण धूर घेणे हे आरोग्याचे कृत्य असू शकते, इतकेच नव्हे तर ते दातांनाही हितकर असते, ही कल्पना वैद्यकाने समाजात रुजवून ठेवली होती.

योगायोग असा की युरोपातही तंबाखूचे स्वागत औषध म्हणूनच झाले. फ्रान्सचा पोर्तुगालमधील वकील झाँ निको याने १५६० च्या सुमारास ती आपल्या राजदरबारी औषधी म्हणून पाठवली, आणि पुढे तिच्यातील विषारी द्रव्याला त्याच्याच नावावरून निकोटिन हे नाव मिळाले. सेव्हिल शहरातील वैद्य निकोलास मोनार्देस याने १५७१ साली तंबाखूचे गुण वर्णन करताना दातदुखीवर तिच्या पानाची गोळी दातात धरावी असा उपाय सांगितला. म्हणजे दात आणि तंबाखू यांची गाठ पहिल्यापासूनच उपचाराच्या निमित्ताने पडली.

पोर्तुगीजांनी ही वनस्पती गोव्याच्या वाटेने दख्खनमध्ये आणली. ती प्रथम रुजली ती आपल्याच भागात. उत्तरेला तिची ओळख दख्खनने करून दिली. याचा पुरावा असद बेग या मोगल सरदाराने लिहून ठेवला आहे. अकबराचा पुत्र दानियाल याचा विवाह विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाच्या कन्येशी ठरला होता. तो १६०४ मध्ये गोदाकाठी पैठण येथे पार पडला. या निमित्ताने विजापुरी गेलेल्या असद बेगने तिथे तंबाखू पाहिली. आग्र्याला परतताना त्याने ती सोबत नेली आणि रत्नजडित नळीचा सुंदर हुक्का तयार करून चांदीच्या तबकातून बादशहापुढे ठेवली. हे काय आहे, असे अकबराने विचारले तेव्हा खान-इ-आझमने सांगितले की ही तंबाखू असून मक्का-मदिनेत ती प्रसिद्ध आहे आणि हुजुरांसाठी औषध म्हणून आणली आहे. बादशहाने ओढायला सुरुवात करताच त्याच्या हकिमाने त्याला अडवले. आपल्या ग्रंथांत जिचा उल्लेख नाही अशी अपरीक्षित वस्तू बादशहाने घेऊ नये, असे त्याचे म्हणणे होते. असद बेगचे उत्तर असे की प्रत्येक औषध केव्हातरी नवेच असते, आणि शहाण्या लोकांनी पारखून घेतलेली गोष्ट केवळ आपल्या ग्रंथांत नाही म्हणून टाकू नये. अकबराला हा युक्तिवाद आवडला. तरी त्याने दोन-तीन झुरके घेऊन हुक्का बाजूला केला आणि पुढे ती सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र तंबाखूची मागणी सुरू केली, व्यापाऱ्यांनी ती आणली आणि प्रघात पडला.

या वादात युक्तिवाद असद बेगने जिंकला असला तरी खरे हकिमाचेच होते, हे आज चारशे वर्षांनंतर आपण सांगू शकतो. अकबराचा मुलगा जहांगीर याने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. इराणच्या शहा अब्बासनेही तसेच केले. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने तर १६०४ मध्येच तिच्याविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. तीनही राजांचे कोणी ऐकले नाही.

आपले हैदराबाद १५९१ मध्ये वसले. त्यामुळे या शहराचे आणि दख्खनच्या तंबाखूचे वय जवळजवळ सारखेच आहे. १६१८ ते १६२२ या काळात मछलीपट्टणला राहिलेल्या विल्यम मेथवोल्ड या इंग्रज व्यापाऱ्याने गोवळकोंडा राज्यात तंबाखू मुबलक होते, तिची लागवड अलीकडचीच आहे आणि ती समुद्रमार्गे बाहेर जाते, असे नमूद केले आहे. एका पिढीच्या आत औषध हे शेतमाल झाले होते.

पुढच्या दोन-अडीच शतकांत तिने सामाजिक प्रतिष्ठा मिळवली. देवडीत हुक्का आला, गढीवर गुडगुडी आली, शेतावर चिलीम आणि विडी आली. मराठी घरात पानाचे तबक होतेच. त्यात अडकित्ता, चुन्याची डबी आणि कात यांच्या शेजारी तंबाखूची चंची जाऊन बसली. पाहुण्याला चंची पुढे करणे हे आतिथ्य झाले. वडीलधाऱ्यांसमोर विडी ओढणे मात्र असभ्य मानले जाई. त्यामुळे तरुणांची सवय लपूनछपून वाढे आणि तिची चर्चा घरात कधीच होत नसे.

स्त्रियांच्या वाट्याला धूर आला नाही. त्यांच्या वाट्याला मशेरी आली. पूर्वी दात घासायला राखुंडी असे, म्हणजे गोवरीची राख. काळे दातवण लावण्याचीही चाल होती. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, कुटून, वस्त्रगाळ करून केलेली मशेरी या ओळीत सहज खपून गेली. दिसायला ती दंतमंजनच. दाढ ठणकत असेल तर आजी मशेरी दाबून ठेवी. ठणका थोडा वेळ बधिर होई, आणि औषध लागू पडले असे वाटे. मग सकाळची मशेरी दुपारी, दुपारची रात्री, असा क्रम लागे. तिला व्यसन म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नसे, कारण तोंड स्वच्छ करणे हे काही व्यसन नव्हे.

निजामाच्या राज्यात मराठवाड्यातून वकिली, महसूल आणि सावकारीच्या निमित्ताने राजधानीत आलेल्या कुटुंबांनी या सवयी बरोबरच आणल्या. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्यांच्या काळात, १९०७ साली, जामबागेत विवेकवर्धिनी उभी राहिली. शिक्षणाने मुलांच्या हाती पाटी आली, पुढे पदवी आली. पण नोकरीबरोबर शहरी सवयीही आल्या. १९३० मध्ये हैदराबादेत वझीर सुलतान टोबॅको कंपनीची नोंदणी झाली आणि शहराचे मानचिन्ह असलेला चारमिनार सिगारेटच्या पाकिटावर आला. आझमाबादच्या त्या कारखान्याने कित्येक कुटुंबांना रोजगार दिला, हेही इथे नोंदवले पाहिजे. हुक्क्याला बैठक लागे, विस्तव लागे, नोकर लागे. दिवसातून दोन-तीन वेळांपेक्षा तो होत नसे. सिगारेट खिशात मावते आणि काडी ओढली की तयार. कचेरीच्या टेबलावर फायलींच्या शेजारी रक्षापात्र असण्याचा काळ आम्ही सरकारी नोकरीत पुष्कळ वर्षे पाहिला आहे. फरक पडला तो इथे : तोंडात धूर जाण्याच्या वेळा दिवसाला दोन-तीनवरून दहा-वीसवर गेल्या.

विडीची कथा आपल्या दोन्ही मुलखांना जोडणारी आहे. तंबाखू निपाणीकडची, टेंभुर्णीची पाने जंगलातली, आणि हात बायकांचे. निजामाबाद, करीमनगर भागात घरोघर विड्या वळल्या जात. तेलंगणातून सोलापूरला गेलेल्या पद्मशाली समाजातील स्त्रियांनी तोच उद्योग तिथे सांभाळला. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीला तंबाखू उत्पादकांचे मोठे आंदोलन झाले, ते भावासाठी होते. शेतकरी, विडी कामगार, दुकानदार आणि करावर डोळा ठेवणारे सरकार, इतक्यांची चूल जिच्यावर पेटते तिच्याविरुद्ध बोलायला सहसा कोणी पुढे येत नाही. विडीत तंबाखू कमी म्हणून ती सौम्य, असाही एक समज आहे. प्रत्यक्षात ती विझू नये म्हणून वरचेवर ओढावी लागते, आणि तिच्यातून मिळणारे निकोटिन व डांबर सिगारेटपेक्षा कमी नसते, उलट जास्तच असते.

आता या धुराने हिरडीचे काय होते ते पाहू. दात जबड्याच्या हाडात खुंटीसारखा ठोकलेला नसतो. बारीक तंतूंनी तो हाडाला बांधलेला असतो आणि वरून हिरडी त्याला गळपट्ट्यासारखी वेढून असते. दात व हिरडी यांच्यात एक ते तीन मिलिमीटरची फट स्वाभाविकच असते. दातांवर जिवाणूंचा चिकट थर रोज साचतो. तो काढला नाही तर कठीण होऊन त्याचे किटण बनते आणि हिरडी सुजते. सुजलेल्या हिरडीतून घासताना रक्त येते, आणि हे रक्त म्हणजे शरीराने दिलेली वर्दी होय. तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर फट खोल होत जाते, तंतू तुटतात, हाड झिजते आणि शेवटी दात हलतो. जुन्या पिढीने यालाच पायरिया म्हटले.

तंबाखू ओढणाऱ्याच्या बाबतीत हा सारा क्रम अधिक वेगाने घडतो, परंतु वर्दी मात्र दिली जात नाही. निकोटिनमुळे हिरडीतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि दीर्घकाळच्या धूम्रपानाने हिरडीची रक्तस्रावाची स्वाभाविक प्रतिक्रियाच दबून जाते. रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशी जिवाणूंशी लढतात त्यांची शक्ती उणावते. झीज भरून काढणाऱ्या पेशींचे काम मंदावते. हिरडी फिकट, घट्ट आणि निरोगी दिसते. ती लाल होत नाही, फारशी दुखत नाही, घासताना ब्रशाला रक्त लागत नाही. आत हाड झिजत असते आणि माणूस अभिमानाने सांगत असतो की आम्ही इतकी वर्षे ओढतो, पण हिरडीतून कधी थेंब आला नाही. स्वीडनमधील यान बर्गस्ट्रॉम यांच्या १९८३ पासूनच्या संशोधनाने ही गोष्ट स्पष्ट केली. पहारेकरी झोपवून मग घर फोडण्याचाच हा प्रकार आहे. कुटुंबातले 'लवकर जाणारे' दात एकाएकी का जातात, याचेही उत्तर यात आहे. ते एकाएकी गेलेले नसतात. वीस वर्षे जात असतात, कळते ते शेवटच्या वर्षी.

या ज्ञानाचा इतिहास फार जुना नाही. डेन्मार्कचे दंतवैद्य येन्स पिंडबोर्ग यांनी १९४७ मध्ये डॅनिश नौसैनिकांच्या तपासणीतून तंबाखू आणि हिरड्यांचा एक तीव्र, व्रण पाडणारा रोग यांचा संबंध दाखवला. २००० साली अमेरिकेतील राष्ट्रीय पाहणीच्या आधारे टोमर आणि अस्मा यांनी असे दाखवले की धूम्रपान करणाऱ्यांना हाड झिजवणारा हिरडीरोग होण्याचा संभव कधीच न ओढलेल्यांच्या सुमारे चौपट असतो, आणि त्या देशातील अशा रोगाचे निम्म्याहून अधिक रुग्ण धूम्रपानाच्या खात्यावर पडतात. २००४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने हा कार्यकारणभाव पुरेशा पुराव्याने सिद्ध झाल्याचे जाहीर केले.

हेच पिंडबोर्ग पुढे आपल्याकडे आले, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाचे फली मेहता, प्रकाश गुप्ता, दफ्तरी आणि पिंडबोर्ग यांनी पुणे जिल्ह्यातील गावोगाव फिरून १,०१,७६१ लोकांची तोंडे तपासली. त्यांचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तोंडाचा कर्करोग व त्याची पूर्वचिन्हे तंबाखूच्या सवयींशी निगडित असल्याचे त्यातून दिसले. त्याआधी देशाच्या इतर भागांत केलेल्या पाहणीत आंध्रचा श्रीकाकुळम जिल्हा होता. तिथल्या किनारपट्टीवर चुट्टा पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची चाल होती, विशेषतः स्त्रियांत. त्यांच्या टाळूवर त्या उष्णतेचे आणि धुराचे परिणाम ठळकपणे आढळले. धूर असो वा मशेरी, जिथे तंबाखू टेकते तिथले मांस ती बदलते. मशेरी किंवा तंबाखूची गोळी नेहमी जिथे धरली जाते तिथली हिरडी खाली सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते.

तरीही दंतमंजनाचा वेष उतरवायला १९९२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती उचलून धरली. २००३ मध्ये सिगारेट व तंबाखू उत्पादनांविषयीचा कायदा झाला, २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानास बंदी आली आणि २००९ मध्ये पाकिटांवर सचित्र इशारे छापले जाऊ लागले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. जहांगिराच्या हुकुमापेक्षा या कायद्यांचा परिणाम अधिक झाला, असे आकडे सांगतात. देशातील प्रौढांत तंबाखू घेणाऱ्यांचे प्रमाण २००९-१० च्या पाहणीत ३४.६ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये २८.६ टक्क्यांवर आले. महाराष्ट्रात त्या वेळी धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के होते. पण एकूण तंबाखू घेणारे २६.६ टक्के. याचा अर्थ असा की धूर सोडला म्हणजे तंबाखू सोडली असे मराठी माणसाच्या बाबतीत म्हणता येत नाही. चंची गेली, तिच्या जागी पुडी आली.

या सगळ्या इतिहासात आशेला जागा आहे का? आहे, आणि ती भक्कम आहे. वर उल्लेखिलेल्या २००० सालच्या अभ्यासातच असे आढळले की सोडल्यानंतरच्या प्रत्येक वर्षागणिक धोका उतरत जातो, आणि अकरा वर्षांनंतर तो कधीच न ओढलेल्या माणसाच्या जवळपास येतो. गेलेले हाड परत येत नाही. पण उरलेले टिकते. उपचारांना हिरडी चांगली दाद देऊ लागते, आणि कृत्रिम दाताचा खुंटा हाडात बसवायचा असेल तर तोही अधिक खात्रीने रुजतो. मधुमेह असलेल्यांना, आणि आपल्या घराघरांत तो आहे, हे दुप्पट लागू आहे. कारण मधुमेह आणि धूर हे दोघेही हिरडीचे हाड झिजवणारे आहेत.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगितली पाहिजे. तंबाखू सोडल्यावर काही आठवड्यांत हिरडीतून रक्त येऊ लागते, कारण दबलेली प्रतिक्रिया पुन्हा जागी होते. पुष्कळांना याचीच भीती वाटते. ओढत होतो तोवर ठीक होते, सोडली आणि रक्त आले, असे म्हणून ते पुन्हा पाकिटाकडे वळतात. ते रक्त नव्या दुखण्याचे नसते. पहारेकरी शुद्धीवर आल्याची ती खूण असते. त्या वेळी दंतवैद्याकडे जाऊन किटण काढून घ्यावे, हिरडीची खोली मोजून घ्यावी, मऊ ब्रशाने दोन वेळा दात घासावेत. अफझलगंजचे शासकीय दंत महाविद्यालय आणि रुग्णालय जामबागेपासून फार लांब नाही. आणि जो अजून ओढतो त्याने रक्ताची वाट न पाहता वर्षातून निदान एकदा हिरडी मोजून घ्यावी, कारण त्याची हिरडी आपणहून काही सांगणार नाही.

आता आरंभीच्या वाक्याकडे वळू. घराण्याचा काही अंश हिरडीरोगात असतो, हे वैद्यकशास्त्रही नाकारत नाही. परंतु आजोबांची विडी, वडिलांची सिगारेट आणि आजीची मशेरी यांचा हिशेब न मांडता सारा दोष रक्ताला देणे हे इतिहासाला धरून नाही. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण मुसीच्या काठीच राहिलो. भाषा, सण, कुळाचार आपण जाणीवपूर्वक पुढच्या पिढीला दिले. काही गोष्टी मात्र नकळत दिल्या गेल्या. ज्या कुटुंबांनी वंशावळी जपल्या आहेत त्यांनी त्यांच्या मागे एक साधे पान जोडावे, अशी आमची सूचना आहे : कोण काय ओढी, कोण काय लावी, कोणाचे दात कोणत्या वयात गेले. वयोवृद्ध मंडळी आहेत तोवर ही माहिती मिळेल, नंतर मिळणार नाही. ते पान भरले म्हणजे नातवंडांना आपल्या दातांचे भविष्य कुंडलीत शोधावे लागणार नाही.